वरचं कुरण उघडायचा दिवस

बर्फ वितळल्यावर कुरणावर पाणी सगळीकडे सारखं राहत नाही. गवताच्या मुळांतून ते वाट काढतं आणि खाली निघून जातं. जिथे आधी तंबू उभे होते तिथे मात्र ते थांबतं. पहाटेच्या थंडीत त्या थांबलेल्या पाण्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा धरतो, आणि मग उतारावर उभं राहून पाहिलं तर कुरणभर चौकोन दिसतात. तंबूंच्या मापाचे, कोपऱ्यांशी नेमके. ऊन कड्यावरून खाली उतरलं की पापुद्रा विरतो आणि चौकोन दिसेनासे होतात. ते पाहायचे तर लवकर उठावं लागतं.

कुरणाची राखणदार लवकर उठत असे. त्या दिवशीही ती एका चौकोनापाशी उकिडवी बसली होती. पापुद्रा नखाने बाजूला करून तिने पाण्यात बोट घातलं, खालच्या मातीत दाबलं. बोट आत जाईना. शेजारच्या गवतात तेच बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. तिने दोन्ही ठिकाणी पुन्हा एकदा करून पाहिलं, कारण एकदा पाहून विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती, मग बोट पँटला पुसलं, खोलीला कडी घातली आणि खाली फाटकाकडे निघाली. आज पार्क उघडायचा होता.

पार्क उघडायची एक पद्धत होती. कागदावर सगळं अधीक्षकांच्या सहीने होई, पण सहीच्या आधी सगळे राखणदार फाटकापासून वरच्या कुरणापर्यंत एकत्र चालत जात. वाटेत मुक्कामाची जी जी जागा येई तिथे थांबायचं, आणि त्या जागेच्या राखणदाराने मोठ्याने म्हणायचं, ‘उघडं’ किंवा ‘बंद’. दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. फार पूर्वी कुणीतरी ऑफिसात बसून एक घळ तंबूंसाठी उघडली होती. तिथला राखणदार नको म्हणत होता. दरड आली. तेव्हापासून बचाव पथकाने ठरवून टाकलं होतं, की राखणदाराच्या तोंडून ‘उघडं’ ऐकल्याशिवाय त्या जागेची जबाबदारी आम्ही घेणार नाही. आणि बचाव पथक नाही तिथे पर्यटक नाही. त्यामुळे ही नुसती पद्धत असली तरी ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

फाटकाशी चौघं उभे होते. दोन वर्षांपूर्वी आलेले अधीक्षक, त्यांचे नवेकोरे बूट. गाडीतळाचा राखणदार, पूर्वी बस चालवायचा, त्याला सगळे हॉर्न म्हणत, कारण त्याला हळू बोलता येत नसे. तयार तंबूंची राखणदार, जिने आयुष्यभर मुलींचं वसतिगृह सांभाळलं होतं आणि जिला सगळे मेट्रनच म्हणत. आणि तिचे स्वतःचे वडील. कुरणाची राखण तिच्याआधी त्यांच्याकडे होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते या दिवशी हटकून येत.

“आई काय म्हणाली?” तिने विचारलं.

“काय म्हणणार. म्हणाली, तुमचं दोघा बापलेकीचं गवत एकदाचं संपवा आणि घरी या.”

“गुडघा?”

“गुडघा आहे. दोन्ही आहेत. चल.”

गाडीतळ फाटकाला लागूनच होता. आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला विजेचा खांब, नळ, भांडी घासायची मोरी. इथे लोक गाडीशेजारी तंबू ठोकत किंवा चाकांवरचं अख्खं घर ओढून आणत. हॉर्नने प्रत्येक नळ सोडून बंद केला.

“साहेब, इथली गंमत सांगतो,” तो म्हणाला. “लोक घराला कंटाळून इथे येतात, आणि येताना घर बरोबर घेऊन येतात. मागच्या हंगामात एकीने तंबू झाडायला व्हॅक्यूम क्लीनर आणला होता.”

“आणि तुम्ही काय केलंत?” अधीक्षकांनी विचारलं.

“मी काय करणार, माझी खोली पण झाडून घेतली.” मग तो जागेच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “उघडं.” झाडावरचे पक्षी उडाले.

तयार तंबू जंगलातल्या मोकळ्या जागेत होते. लाकडी चौथरे, त्यांवर जाड कापडाचे तंबू, आत खाटा, गाद्या, टेबलावर दिवा. इथे येणाऱ्याने फक्त स्वतःला आणायचं. मेट्रन प्रत्येक गादी तळहाताने दाबून पाहत होती आणि प्रत्येक चेन वरपासून खालपर्यंत ओढत होती. तिला घाई करायला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

“उघडं,” ती शेवटी म्हणाली. “शेवटच्या तंबूचा पडदा उंदराने खाल्लाय. मी त्याला सोडणार नाही, पण तोवर तो तंबू कुणाला देऊ नका.”

तिथून वर चढ होता. अधीक्षक मुद्दाम तिच्याबरोबर चालू लागले. त्यांच्या खिशात पार्कचं नवं माहितीपत्रक होतं; त्यांनी ते चालता चालता उघडलं. कॅम्पिंगचे प्रकार, असं वर लिहिलं होतं, आणि खाली चित्रं: गाडीतळ, तयार तंबू, दगडी निवारा, पाठीवर तंबू. मुखपृष्ठावर मात्र कुरणच होतं, मागे कडा आणि पुढे एकच तंबू.

“फोन करणारा प्रत्येक माणूस हेच चित्र पाहून फोन करतो,” ते म्हणाले. “आणि त्याला मी सांगतो, की इथे राहायचं तर पाठीवर ओझं घेऊन चढा, चिखलात झोपा, गार अन्न खा. अर्धे तिथेच फोन ठेवतात. म्हातारी माणसं, लहान मुलं असलेले, ज्यांचा पाय अधू आहे असे. त्यांनी कुरण कधी पाहायचंच नाही?”

ती म्हणाली, “प्रश्न रास्त आहे.”

“मग? खांबांवर चौथरे घालू. तुम्हीच दोन घालून पाहिलेत ना? तुमच्याच मोजणीप्रमाणे चौथऱ्याखालचं गवत पाठीवरच्या तंबूखालच्या गवतापेक्षा चांगलं राहिलं.”

“राहिलं.”

“मी तुम्हाला दोन वर्षं विचारतोय. तुम्ही दर वेळी म्हणता, अजून एक हंगाम मोजू द्या. नाही म्हणाला नाहीत. म्हणजे मी हो धरलं. पुढच्या महिन्यात लाकूड वर येतंय.”

‘अजून एक हंगाम’ हे तिने मनापासून म्हटलं होतं असं तिला पहिल्या वर्षी वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी तसं वाटलं नव्हतं.

“आणि तयार तंबू झाले, की तिथे बारमाही माणूस लागेल,” अधीक्षक म्हणाले. “राहायला नीट घर, बारा महिने पगार. दर हंगामाला नव्याने नेमणूक नाही. ती जागा तुमचीच. उलट कुरणावर राहायलाच कुणी नसेल, तर राखणदार कशाला, असं वरचे लोक विचारतील. मी नाही विचारणार. पण ते विचारतील.”

ते धमकी देत नव्हते. होतं ते सांगत होते, आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

चढाच्या अर्ध्यावर दगडी निवारा होता. चार भिंती, फळ्यांचे बाक, एक चूल. त्याला राखणदार नव्हता. वाटसरूंसाठी तो कायम उघडाच असे. सगळे तिथे टेकले. आत आधीच एक दाढीवाला बसला होता, शेजारी त्याची भलीमोठी सॅक. तो दर वर्षी पहिल्या दिवशी कुरणावर तंबू ठोके.

तिला पाहून तो उठला. “ताई, लाकडाचं कळलं आम्हाला,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “काळजी करू नका. पाठीवाले सगळे तुमच्या मागे आहेत. तुम्ही फक्त त्यांना एकदा ठणकावून सांगा, की कुरण ओझं वाहणाऱ्यांचं आहे.”

“मी काय सांगणार ते तुम्हाला माहीत नाही.”

“तुम्ही आमच्याच,” तो हसून म्हणाला आणि बाटली भरायला बाहेर गेला.

वडील बाहेर दगडावर बसले होते. बूट काढून त्यांनी पाय उन्हात ठेवले होते. ती शेजारी जाऊन बसली.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “घर देतो म्हणतो. गोड बोलतो हा. तू त्याच्या बोलण्यात येऊ नकोस. सांग, आमच्याकडे आमची पद्धत आहे. अर्धं कुरण या वर्षी, अर्धं पुढच्या वर्षी. जमीन एक वर्ष पडीक ठेवली, की ती पुन्हा उभी राहते. हे मला पुस्तकाने नाही शिकवलं, माझ्या बापाच्या शेताने शिकवलं.”

ही कुरणाची पद्धत होती. वडील शेतकऱ्याच्या घरातले. राखणदार झाल्यावर त्यांनी कुरणाच्या मधून दगडांची एक ओळ मांडली आणि दर वर्षी एकच बाजू तंबूंना दिली, दुसरीला विश्रांती. दुसऱ्या पार्कांतून माणसं ती पाहायला येत. फाटकाशी लावलेल्या फोटोंत एक फोटो त्या दगडांच्या ओळीचाच होता, शेजारी काळे केस असलेले वडील.

“बाबा,” ती म्हणाली, “शेत खाली असतं. तिथे उन्हाळा लांब असतो, माती खोल असते, आणि तुम्ही ती नांगरता. इथे बर्फ जायला अर्धं वर्ष लागतं. या गवताला वाढायला जेमतेम काही आठवडे मिळतात. तंबूखाली दबलेली माती इथे एका वर्षात सुटत नाही.”

“मग दोन वर्षांत सुटेल.”

“तुम्ही ज्या वर्षी निवृत्त झालात, त्या वर्षी तुमच्या खोलीशेजारची तुमची तंबूची जागा मी दोरी लावून बंद केली. आठवतं? तिथे तेव्हापासून कुणी पाऊल ठेवलेलं नाही. आज सकाळी तिथे पाणी साचलेलं होतं.”

वडिलांनी मोजा घातला, मग तो उलटा आहे असं पाहून पुन्हा काढला.

“विश्रांती दिलेली बाजू बरी होत नाही,” ती म्हणाली. “आपण फक्त दर वर्षी दुसरी बाजू बिघडवतो. एका बाजूचं नुकसान झालं असतं ते दोन बाजूंचं केलं.”

“आपण नाही. मी.”

“मी पण. मी तीच पद्धत चालू ठेवली.”

“तुला कधी कळलं हे?”

“संशय पहिल्यापासून होता. खात्री तीन-चार वर्षं आहे.”

“आणि इतकी वर्षं गप्प बसलीस.” त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी तिच्याकडे पाहणं सोडलं. “मग अजून थोडी थांबायचं होतंस. मी गेल्यावर म्हणायचं होतंस.”

“तोच बेत होता. पण तुमची तब्येत ठणठणीत आहे.”

त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की नाही हे तिला कळलं नाही.

“आणि चौथरे?” त्यांनी विचारलं. “चौथऱ्याखाली गवत जगतं म्हणतेस.”

“खाली जगतं. पण खाटेवर झोपणारा माणूस खाटेवर नुसता बसून राहत नाही. त्याला मोरी लागते, संडास लागतो, खानावळ लागते, तिथवर जायला वाटा लागतात. वाटांखाली काहीच जगत नाही. मी वाटाही मोजल्यात.”

“म्हणजे त्याचंही चूक आणि माझंही.”

“हो.”

“आणि तुझी नोकरी?”

“जाईल.”

“मग राहणार कुठे?”

“तुमच्याकडे. आई म्हणालीच आहे, गवत संपवा आणि घरी या.”

त्यांनी बूट चढवले आणि नाड्या गरजेपेक्षा घट्ट बांधल्या. “मला नाही पटलेलं,” ते उठत म्हणाले. “लिहून ठेव कुठेतरी. बापाला पटलेलं नव्हतं.” आणि ते कुणाची वाट न पाहता पुढे निघाले. गुडघा दुखत असूनही ते शेवटच्या चढावर सगळ्यांच्या पुढे होते. ती मागून त्यांची काठी दगडांवर आपटताना ऐकत राहिली.

वाटेत मेट्रन तिच्या बाजूला आली. “काय बिनसलं?”

“मी खरं बोलले.”

“मग बिनसणारच,” मेट्रन म्हणाली, आणि आपल्या पिशवीतून एक संत्रं काढून सोललं आणि अर्धं तिला दिलं.

ते कुरणावर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पापुद्रे कधीच विरले होते. चौकोन कुठेच दिसत नव्हते. होतं ते कोवळं हिरवं गवत, मधे मधे पिवळी फुलं, मागे कडा, आणि वारा नसल्यामुळे सगळं अगदी स्तब्ध. हॉर्नसुद्धा हळू बोलला. “दर वर्षी विसरतो मी हे,” तो म्हणाला. अधीक्षकांनी फोन काढून फोटो घेतले, एक उभा, एक आडवा. दाढीवाला सॅक न उतरवता कुरणाच्या कडेला उभा राहिला, कारण ‘उघडं’ म्हटल्याशिवाय ओझं टेकवायचं नसतं हे त्याला माहीत होतं.

तिने ते सगळं पाहिलं. या क्षणी तिच्या हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. कुरण सगळ्यांना तंदुरुस्त दिसत होतं, आणि त्यांच्याइतकंच तिलाही ते सुंदर दिसत होतं. सगळ्यांना पहाटे इथे आणायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, पुढच्या वर्षी पहाटे आणू, असं म्हणता येईल. म्हणजे अजून एक हंगाम. तो विचार किती सहज आला हे पाहून तिला स्वतःचाच राग आला.

वडील तिच्या खोलीकडे गेले होते. दोरी लावलेल्या जागेपाशी ते थांबले, दोरी काठीने उचलून आत शिरले आणि गुडघा सावरत खाली बसले. त्यांनी आपली पाण्याची बाटली उघडली. तिला खोटं पाडायचंच त्यांच्या मनात होतं, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. त्यांनी आपल्या जुन्या तंबूच्या जागेवर पाणी ओतलं. पाणी पसरलं, उन्हात चमकलं आणि तिथेच राहिलं. ते बराच वेळ पाहत होते. मग हात लांबवून त्यांनी शेजारच्या गवतावर उरलेलं पाणी ओतलं. ते दिसेनासं झालं. त्यांनी बाटली उलटी करून पुन्हा पाहिली, जणू अजून थोडं असेल.

“आजोबा, पाणी वाया का घालवताय?” हॉर्नने विचारलं.

“माझं आहे,” वडील म्हणाले.

अधीक्षक घड्याळाकडे पाहत पुढे आले. “चला, बाई. खाली फाटकाशी लोक खोळंबलेत. तुमचं झालं की मी सही करतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “लाकडाचं तुम्ही आज बोलायची गरज नाही. फक्त उघडं म्हणा. बाकी आपण नंतर ऑफिसात बसून ठरवू.”

“मी बंद म्हटलं तर?”

त्यांना आधी वाटलं ती गंमत करतेय. “कशासाठी? दरड आहे का? बर्फ आहे का?” त्यांनी हात पसरला. “दाखवा ना मला, बंद करण्यासारखं काय आहे इथे.”

“आत्ता दिसत नाही.”

“मग जे दिसत नाही त्यासाठी तुम्ही पार्कातली सगळ्यात चांगली जागा बंद करणार?”

“ताई, तुम्ही आम्हालापण बंद करताय?” दाढीवाला कडेवरून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं. “आम्ही तर एक काडीसुद्धा मागे ठेवत नाही.”

“हो, काडी ठेवत नाही,” ती म्हणाली. “ते मी पाहिलंय.”

अधीक्षक वडिलांकडे वळले. “काका, तुम्ही सांगा यांना. पद्धत तुमची आहे. यांच्यापेक्षा जास्त वर्षं तुम्ही इथे काढलीत. कुरण उघडं की बंद?”

वडील उठत होते. मेट्रनने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. काठीवर भार देऊन उभे राहिले. त्यांच्या पँटच्या गुडघ्याला चिखल लागला होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं, दगडी निवाऱ्यानंतर पहिल्यांदाच.

“मी राखणदार नाही,” ते म्हणाले. “राखणदार ती आहे. मला विचारायचं नाही.”

हॉर्न आणि मेट्रन नेहमीसारखे बाजूला सरकले, कारण राखणदाराने म्हणताना आजूबाजूला मोकळी जागा सोडायची असते. ती कुरणाच्या मधोमध गेली नाही. वडिलांच्या दगडांच्या ओळीपर्यंत वाटेवरूनच गेली, गवतात पाय पडणार नाही असं पाहत, आणि ओळीच्या टोकाशी थांबली. दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशी ती जागा होती.

“बंद,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, म्हणून तिने तो तसाच ठेवला. “दोन्ही बाजू. पाठीवरच्या तंबूंना बंद, चौथऱ्यांना बंद. एका हंगामासाठी नाही. पाणी मुरेपर्यंत.”